केरबाचा अपात्र लॅपटॉप

बोरजाई गावात केरबा नावाचा एक भोळा गिरणीवाला राहत होता. भोळा हा शब्द त्याच्या बायकोचा. गावाचा शब्द वेगळा होता. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

केरबामध्ये एक मोठा गुण होता. त्याला सांगितलेले तो विसरत नसे. एकदा सांगितले की जन्मभर पुरे. फक्त ते कुठे वापरायचे, एवढेच त्याला कळत नसे. एवढ्यावरून माणसाला नावे ठेवू नयेत, पण गाव ठेवी.

त्याची बायको वैजंता हुशार होती. तिने घरात भरतकामाची मशीन घेतली होती. नक्षी ती लॅपटॉपवर काढी, पेनड्राइव्हमध्ये घाली, पेनड्राइव्ह मशिनीला लावी, आणि मशीन कापडावर ती नक्षी उठवी. लॅपटॉप तिच्या भावाने, अंकुशने दिलेला. जुना होता. पण कापडावर उठलेल्या मोराकडे बघून लॅपटॉपचे वय कोणी विचारत नाही.

त्या साली गावातल्या जानकाबाईच्या मुलीचे लग्न ठरले. लग्नातल्या शालूवरचे पोलके वैजंताकडे आले. पाठीवर पिसारा फुलवलेला मोर, मोराखाली मुलीचे नाव, दोन्ही बाह्यांवर वेल. जानकाबाई मोठ्या गोतावळ्याची बाई. पोलके पसंत पडले तर सगळ्या भावकीची पोलकी वैजंताकडे येणार होती. नाही पडले तर तालुक्याचे दुकान होतेच. हे जानकाबाईने तोंडावर सांगितले होते. ती पाठीमागे बोलत नसे. तेवढी सवड तिला नव्हती.

नक्षी काढण्यात वैजंताची सगळी दिवाळी गेली. पाठ झाली, एक बाही झाली, आणि जरीचा दोरा संपला. दोरा आणायला ती इचलकरंजीला मावशीकडे निघाली. जाताना म्हणाली, "अहो, मी येईपर्यंत लॅपटॉपला हात लावू नका."

केरबाने हात लावला नाही.

लॅपटॉप ती चालू ठेवून गेली होती. केरबा त्याच्यासमोर राखणीला बसला. थोड्या वेळाने पडद्यावर पाटी आली. नवी सिस्टीम आली आहे, ती या लॅपटॉपला चालेल का ते बघायचे का? केरबाने स्वयंपाकघरातून उलथने आणले आणि त्याच्या दांड्याने 'हो' दाबले. लॅपटॉपने थोडा विचार केला. मग उत्तर आले. हा लॅपटॉप पात्र नाही.

केरबाला राग आला. त्याच्या घरातल्या वस्तूला आजवर कोणी अपात्र म्हटले नव्हते. त्याला म्हटले होते, पण ते वेगळे.

अंकुश कोल्हापुरात लॅपटॉपच्या दुकानात कामाला होता. केरबाने त्याला फोन लावला. अंकुशने समजावले की लॅपटॉप जुना आहे, नवी सिस्टीम त्याला झेपायची नाही, चाललंय ते चालू द्या. केरबा म्हणाला, तुझ्या बहिणीच्या घराचा अपमान झाला आणि तू गप्प बसतोस. आता मेहुण्याने दाजींना नाही म्हणायचे नसते. अंकुशनेही म्हटले नाही. पात्रतेची तपासणी चुकवून आत शिरणारी नवी सिस्टीम त्याने एका पेनड्राइव्हवर घातली आणि एसटीच्या कंडक्टरकडे दिली. शहाणपण मागे राहिले, पण मान राखला गेला.

पेनड्राइव्ह आला. केरबाने तो लॅपटॉपला लावला. चिमट्याने. अंकुशने फोनवर सांगितले की लॅपटॉप सुरू होताना वरच्या रांगेतले शेवटचे बटण दाबत राहायचे. केरबा उलथन्याने दाबत राहिला. अंकुश जेवायला गेला. जेवून आला. केरबा दाबतच होता.

"दाजी, पडदा आला की सोडायचं."

"ते तू म्हणाला नव्हतास."

ते खरे होते.

पडद्यावर जुनी सिस्टीमच आली होती. अंकुश म्हणाला, "दाजी, जुनी आधी उठतीय. नंबर बदलायला पाहिजे. शेवटी आला त्याला पहिला नंबर द्यायचा."

केरबाने ते लक्षात ठेवले. तेवढ्यात लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेली होती, त्यामुळे तोही गेला. लाइट आली तेव्हा गिरणीसमोर डब्यांची रांग लागली होती. पहिला डबा जानकाबाईचा. लग्नाचा गहू.

केरबाने शेवटचा डबा उचलला आणि दळला. तेवढ्यात आणखी एक बाई आली. केरबाने तिचा दळला. मग तिच्या मागून जी आली तिचा. उशिरा आलेल्या बायका खूश झाल्या. ही बातमी गावात पसरली, आणि सगळ्याच उशिरा येऊ लागल्या. जानकाबाई सकाळपासून पहिल्या नंबरावर होती, आणि दिवस मावळेपर्यंत तिथेच राहिली.

शेवटी ती उठली. तिने केरबाला त्याच्या वडिलांपासून सुरुवात करून बरेच काही ऐकवले. त्यातले कामाचे एवढेच होते, "आधी आला त्याचं आधी. नवा कितीही मोठा असला तरी मागं उभा राहील. कळलं का?"

केरबाला कळले. घरी येऊन त्याने अंकुशला फोन लावला आणि लॅपटॉप सुरू केला. आधी कोणी उठायचे ते ठरवणारी नंबरांची पाटी आली, पण अंकुश सांगत होता ते त्याने केलेच नाही. जुन्याला वर ठेवले, पेनड्राइव्हला शेवटी. लॅपटॉप सुरू झाला. जुनी सिस्टीम आली.

अंकुशने विचारले, "असं कुणी सांगितलं?"

"जानकाबाईनं."

"ती लॅपटॉप दुरुस्त करती का?"

"नाही. पण नंबराचं तिला कळतं."

 अंकुशने एकेक बटण सांगून नंबर बदलून घेतला. फोन ठेवताना म्हणाला, "आता पुढं काही विचारलं तर आपल्या मनानं उत्तर देऊ नका. जाणत्याला विचारा." जाणता म्हणजे आपण, असे त्याला म्हणायचे होते. ते त्याने सांगितले नाही. शिकलेल्या माणसांना वाटते की अर्धे बोलले तरी भागते.

नवी सिस्टीम आत शिरू लागली. निम्म्यावर येऊन थांबली आणि तिने विचारले, हा लॅपटॉप पात्र नाही, तरी पुढे जायचे का? हो किंवा नाही.

केरबा उठला आणि देवळात गेला. बोरजाईत जाणता म्हणजे गुरव. लग्न जमवायचे असो की विहीर खणायची असो, गुरव देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि कौल लावतो. उजवी पाकळी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही. त्यावर गाव चालते. तसे बरे चालते.

केरबाने गाऱ्हाणे सांगितले. गुरवाने शांतपणे ऐकून घेतले. मग तो म्हणाला की देवी गावाची आहे, मशिनींची नव्हे. "ज्याचा प्रश्न त्यालाच जाऊन विचार," असे म्हणून तो नारळ सोलायला बसला.

केरबा घरी आला. त्याने लॅपटॉपला फडक्यात धरून पाटावर बसवले. कौल लावण्याआधी देवीला आंघोळ घालतात. केरबाने लॅपटॉपला आंघोळ घातली नाही. इतपत अक्कल त्याला होती. त्याने नुसते शिंपडले. मग दोन पाकळ्या चांगल्या भिजवून पडद्यावर चिकटवल्या आणि हात जोडून बसला. पाणी पडद्यावरून ओघळून बटणांत गेले. डावी पाकळी आधी पडली. केरबाने उलथन्याने 'नाही' दाबले. लॅपटॉपने एक लांब शिट्टी मारली आणि डोळे मिटले.

हे ऐकून अंकुशचा आधी विश्वास बसेना. मग बसला. त्याने सांगितले, "दाजी, ओलं झालेलं उलटं करून ठेवायचं. वाळू द्यायचं. मग बघू."

केरबाने लॅपटॉप फडक्यानेच उलटा करून माळ्यावर ठेवला. पहिल्यांदाच त्याने सांगितलेले काम सांगितलेल्या जागी केले होते. ते तिथेच थांबते तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जानकाबाई गिरणीत आली. लग्नाच्या रुखवतासाठी अनारसे करायचे होते. त्यासाठी तांदूळ भिजत घालून, निथळून, सावलीत सुकवून आणले होते. असे तांदूळ जरा ओलसर असतानाच दळायचे असतात, हे सगळ्या बायकांना माहीत असते. केरबाने पातेल्यात हात घातला. ओलसर लागले. त्याने पातेले अंगणात नेले आणि उलटे करून ठेवले. कोंबड्यांनी अनारसे होण्याची वाट पाहिली नाही.

जानकाबाई त्या दिवशी ओरडली नाही. ती शांतपणे म्हणाली, "तुझी बायको चांगली हाय म्हणून मी गप बसते. पोलकं बिघडलं तर मात्र तिचं तोंड बघायची नाही. आणि भावकीतल्या कुणाला बघू देणार नाही."

केरबा घाबरला. आता लॅपटॉप नीट व्हायलाच हवा होता. दुसरी बाही राहिली होती, आणि वैजंता दुसऱ्या दिवशी येणार होती.

लॅपटॉप वाळला होता. त्याने सुरू करून पाहिला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली. केरबाने फोटो काढून अंकुशला पाठवला. अंकुशने वाचून सांगितले की सुरू करण्यासारखे काही सापडत नाही, असे तो म्हणतोय.

"तुम्ही मध्येच नाही म्हणालात ना, त्याचं हे. अर्धं जुनं, अर्धं नवं असलं की काहीच चालत नाही. जुनं सगळं पुसायचं. एक कण ठेवायचा नाही. कोरं करायचं, मगच नवं बसतं."

"एक कण ठेवायचा नाही," केरबाने म्हणून पाहिले.

मग अंकुशला एकदम आठवले. शहाण्यालाही कधी कधी आठवते. त्याने विचारले, "ताईची नक्षी दुसरीकडं जपून ठेवलीय ना?"

"कपाटात हाय."

अंकुशला वाटले, नक्षीचा पेनड्राइव्ह कपाटात आहे. केरबा पोलक्याबद्दल बोलत होता. दोघांचेही समाधान झाले.

केरबाने पुसले. विचारले तिथे हो म्हटले. खरेच का, असे विचारले तिथेही हो म्हटले. सिस्टीम सरळ आत शिरली आणि लॅपटॉप सुरू झाला. पडद्यावर निळे आकाश आले. बाकी काही नव्हते. इतका स्वच्छ लॅपटॉप पंचक्रोशीत दुसरा नसेल. केरबाने अंकुशला फोन केला. अंकुशने दाजींची तारीफ केली. केरबाने दुपारी गिरणी बंद ठेवली आणि अपात्र ठरलेला लॅपटॉप कसा पात्र केला हे चावडीवर सांगत बसला.

संध्याकाळी जानकाबाई दारात आली. सासरकडून निरोप आला होता. मुलीचे लग्नातले नाव ठरले होते. माहेरचे सुलभा, सासरचे ऐश्वर्या. सासूला पोलक्यावर सासरचेच नाव हवे होते.

"वैजंता आली की तिला सांग," जानकाबाई म्हणाली. "जुनं नाव काढून तिथं नवं घालायचं. तेवढंच हाय."

"तेवढ्यानं भागत नाही," केरबा म्हणाला.

"म्हणजे?"

"तुम्ही काळजी करू नका. मला आता त्यातलं सगळं कळतं."

जानकाबाई घाईत होती. ती गेली.

केरबाने कपाट उघडून पोलके काढले. लॅपटॉपला हात लावायचा नव्हता. पोलक्याबद्दल कोणी तसे म्हटले नव्हते. त्याने दाढीचे नवे पाते घेतले आणि कामाला बसला.

वैजंता दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने आली. जरीचा दोरा पदरात जपून धरला होता. जानकाबाई स्टँडवरच भेटली, म्हणून दोघी बरोबरच घरी आल्या. नाव बदलायचे ते वाटेत बोलून झाले होते. वैजंता म्हणाली होती, त्यात काय, घटकाभराचे काम.

केरबाने पोलके दोन्ही हातांवर घेऊन पुढे केले.

पोलके लालभडक होते आणि धुतल्यासारखे मोकळे होते. नाव नव्हते. मोर नव्हता. बाहीवर वेल नव्हती. जिथे टाके होते तिथे बारीक भोके होती, तीही नीट बघितली तरच दिसत.

"अर्धं जुनं, अर्धं नवं चालत नाही," केरबाने दोघींना समजावून सांगितले. "कोरं केलंय. आता नवं बसंल."

जानकाबाई उंबऱ्यावर बसली. वैजंता उभीच राहिली. तिने एकदा पोलक्याकडे पाहिले, एकदा नवऱ्याकडे. मग पदर खोचला. ती खमकी बाई होती.

"काकू, उठा," ती म्हणाली. "लग्नाला अजून अवकाश हाय. मशिनीवर बसते ती उठतच नाही. नक्षी तर तयारच हाय. लॅपटॉपमध्ये."

"लॅपटॉपमधली पुसली," केरबा म्हणाला.

वैजंताने जरीचा दोरा खाली ठेवला. मग म्हणाली, "बरं. पेनड्राइव्हवर हाय."

"ती पण जुनीच होती. पुसली."

आता वैजंताचा आवाज अगदी खाली आला. "मशिनीच्या आत एक राहते, अहो. शेवटची घातलेली."

केरबा प्रसन्न हसला. बायकोला आपल्या कामाची खात्री नाही, म्हणून ती एकेक तपासून बघते आहे, हे त्याला कळले होते.

"ते बटण सापडायला लई वेळ लागला," तो म्हणाला. "पण सापडलं. आता कुठंच एक कणसुद्धा राहिलेला नाही. तू अगदी निर्धास्त राहा."