साळिंदर आजीचे शेवटचे लाल बूट

सागाच्या एका दाट रानात एक कोल्हा राहत असे, आणि त्याच्या बिळात त्याला स्वतःलाच झोपायला जागा नसे. सगळे बीळ बुटांनी भरले होते. तुम्ही ज्यांना स्नीकर म्हणता ना, तसलेच मऊ, दोऱ्यांचे, पळायचे बूट. त्या रानात ते एकटी साळिंदर आजी शिवत असे. आपल्याच अंगाचा गळलेला काटा ती सुई म्हणून वापरी, आणि एक जोड शिवून होईपर्यंत काटा मोडून जाई. त्यामुळे वर्षाकाठी जेमतेम चार-पाच जोड तयार होत. (जंगलात एका जोडात चार बूट असतात, हे सांगायला नकोच.) ते मिळवायला सगळे रान तिच्या दाराशी रांग लावी. कोल्ह्याचा नंबर कधी चुकला नव्हता. बूट आणायचे, सागाच्या पानांत गुंडाळायचे आणि रचून ठेवायचे. घालायचे मात्र नाहीत, कारण घातले की मळतात!

त्याच रानात एक मुंगूस होते. त्याच्याकडे हिरव्या बुटांचा एकच जोड. तो घालून ते दिवसभर उंडारे, चिखलात जाई, वारुळे उकरी. पाणवठ्यावर आले की हरणे म्हणत, "काय छान दिसतात रे तुला!" एकदा तर मोरानेही मान वळवून पाहिले. झाले! कोल्ह्याच्या पोटात दुखू लागले. आपल्याकडे बीळभर बूट, आणि कौतुक या एका जोडवाल्याचे? त्या हिरव्या बुटांना भोके पडली तेव्हा त्याला जरा बरे वाटले. पण मुंगूस भोके पडलेले बूटही तसेच मिरवू लागले, तेव्हा त्याची झोपच उडाली.

एके दिवशी आजीने सगळ्यांना सांगितले, "पोरांनो, माझे काटे आता संपत आले. पळसाच्या फुलांत रंगवलेले लाल बूट तेवढे शिवलेत. हे शेवटचे." शेवटचे, आणि तेही लाल! कोल्ह्याने मनाशी ठरवले, हे बूट मात्र आपण घालायचे. ते घालून पाणवठ्यावर जायचे, मोराच्या अगदी समोरून. बूट मिळायच्या आदल्या संध्याकाळीच तो रांगेत दगड ठेवायला गेला, कारण त्या रानात दगड ठेवला की नंबर पक्का होई. पाहतो तर मुंगसाने दगडाऐवजी आपला फाटका हिरवा बूट आधीच तिथे ठेवलेला! कोल्ह्याने इकडेतिकडे पाहिले, तो बूट हळूच मागे सरकवला आणि त्याच्या जागी आपला दगड ठेवून दिला.

सकाळी वानर आले, घोरपड आली, आपापले जोड घेऊन गेली. कोल्ह्याची पाळी आली तेव्हा दोनच जोड उरले होते. एक मोठा, जणू कोल्ह्याच्या पायासाठीच कापलेला. दुसरा लहानसा. कोल्ह्याने मोठ्या जोडाकडे पंजा नेला. तेवढ्यात मागून मुंगूस आनंदाने म्हणाले, "अरे वा! तो छोटा अगदी माझ्या मापाचा दिसतोय."

कोल्ह्याचा पंजा हवेतच थांबला. म्हणजे हे मुंगूसही लाल बूट घालून पाणवठ्यावर येणार? मोर पुन्हा याच्याकडेच बघणार?

"मला तो छोटा द्या," कोल्हा म्हणाला.

"अरे, तुझी टाचसुद्धा जायची नाही त्यात," आजी म्हणाली. "हा मोठा बघ की. तुझ्याच मापाचा आहे."

"मला छोटाच हवा!" कोल्हा गुरगुरला. एकाला एकच जोड, आणि जो पुढे त्याने आधी निवडायचे, असा रांगेचा नियम होता. आजीने मान हलवली आणि छोटा जोड त्याच्या हाती दिला.

मुंगसाने उरलेला मोठा जोड घेतला. पाय घालून पाहिला, तर अर्धा बूट रिकामाच. ते धावत कोल्ह्यामागे गेले. "कोल्हेदादा, अदलाबदल करू या का? तुमचे मला होतील, माझे तुम्हाला. दोघांचंही काम होईल."

केवढी सरळ गोष्ट! पण कोल्ह्याच्या डोक्यात एवढेच शिरले की मग मुंगसाला बूट अगदी नीट बसतील. "मुळीच नाही," तो म्हणाला. "मला हेच आवडतात." आपले नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणे म्हणतात, ते हे असे.

"बरं," मुंगूस म्हणाले, "मग मी वाढत्या मापाचे घेतले असं समजायचं झालं!" तुमची आई घेते ना, तसेच. त्याने बुटांच्या टोकांत सावरीचा कापूस कोंबला, दोऱ्या आवळल्या आणि थपक थपक करत ते पाणवठ्याकडे निघाले.

तेव्हापासून रोज कोल्ह्याच्या बिळावरून थपक थपक आवाज जाई. कोल्हा आत बसून छोट्या बुटात पाय घालू पाही. बोटे जात, टाच बाहेर राही. मोठ्या बुटात कापूस तरी भरता येतो, लहान बुटात पाय कसा भरणार? तो रोज चरफडे, रोज हळहळे. पण "बदलू या" एवढे दोन शब्द काही त्याच्या तोंडून निघेनात.

पुढल्या वर्षी पळस फुलला तेव्हा एकदाचा तो निघाला, छोटा जोड तोंडात धरून. मुंगसासमोर तो ठेवून म्हणाला, "चल, बदलू या."

मुंगसाला हसू आले. "घ्या की, दादा! पण आता त्यांच्यात राहिलंय काय? वर्षभर सगळं रान तुडवलंय त्यांनी."

कोल्ह्याने घाईघाईने लाल बूट पायात चढवला. बोटांपासून टाचेपर्यंत तो अगदी मापात बसला. मग त्याने एक पाऊल टाकले, आणि बुटाच्या झिजलेल्या तळाच्या भोकातून बाभळीचा काटा थेट त्याच्या पायात घुसला.

तात्पर्य : दुसऱ्याला मिळू नये म्हणून घेतलेली वस्तू आपल्या मापाची कधीच नसते.