दोघांच्या हाताचे शीड

फार फार पूर्वी, पंचांगसुद्धा सापडणार नाही इतक्या जुन्या काळी, समुद्राकाठच्या एका गावात एक तांडेल आणि त्याची बायको राहत होती. त्यांची एक होडी होती. मधल्या डोलकाठीला एक शीड आणि पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेवर, दुसरे लहान शीड. होडी हाकायला माणसे दोनच. तो दोऱ्या ओढी, ती सुकाणू धरी.

एका वादळात तांडेलाने गावातली बुडणारी माणसे वाचवली. त्यात एका विधवा म्हातारीचा एकुलता एक मुलगाही होता. त्या धडपडीत नाळेवरचे शीड मात्र फाटून वाऱ्यावर गेले.

त्या गावची एक रीत होती. कुणाचे शीड गेले, की घरोघरचे कापड जमवून नवे शिवायचे. एरवी चार घरे कापड देत आणि बाकीची सल्ला देत. या वेळी एकही घर मागे राहिले नाही. म्हातारीने तर ठेवणीतले लुगडे फाडून पट्टा दिला. तो शिडाच्या कडेला सर्वांत शेवटी जोडला गेला.

"अहो, शीड फार मोठं होतंय," बायको म्हणाली.

"मग कुणाच्या दारात जाऊन सांगू, की तुमचं कापड नको?" तांडेल म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि भरल्या डोळ्यांनी माप घेता येत नाही.

मंद वाऱ्यात ते शीड झकास फुगले. होडी भरधाव निघाली, गाव टाळ्या पिटू लागले आणि तांडेल बायकोकडे ऐटीत पाहू लागला. बायका अशा वेळी बोलत नाहीत, लक्षात ठेवतात.

त्यांची लेक चांगुणा समोरच्या बेटावर नांदत होती. तिचे दिवस भरत आले होते. बेटावर सुईण नव्हती, म्हणून दोघे तिला माहेरी आणायला गेले. परतताना, निम्म्या वाटेवर, वारा उठला.

आता नाळेवरचे ते थोरले शीड होडीचे नाक एकीकडे ओढू लागले. बायकोने सगळे अंग टाकले तरी सुकाणू वळेना. होडी कलली, पाणी आत आले. तांडेलाने दोरी सोडली तेव्हा शीड असे फडफडले, की त्याला ते आवरेना. शेवटी कसेबसे ते खाली ओढून दोघांनी होडी एका खडकाच्या आडोशाला नेली.

तिथे चांगुणेला कळा सुरू झाल्या.

"बाबा, मला घरी न्या," ती म्हणाली.

तांडेलाने शीड दुमडून बांधून पाहिले. वाऱ्याने गाठी सोडवल्या. गाव वारा येत होता त्या बाजूला, आणि नाळेवर शीड नसले, तर होडी वाऱ्यासमोर पुढे सरकेना. बायकोने सुरी काढली.

"थांब! ही लोकांची माया आहे!"

"आहे ना. पण सुरी सोन्याची असली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही."

"त्या म्हातारीचं लुगडं आहे गं त्यात..."

"लेक आपली आहे. कापा." तिने सुरी त्याच्या हाती दिली.

"किती ठेवू?"

"तुमच्या दोन हातांना आवरेल एवढं. फार लहानही नको, नाहीतर लाटांत नुसते डुचमळत राहू."

तांडेलाने डोळे पुसले, मग माप घेतले आणि कापले. बायकोने मोठमोठे टाके घालून कड मुडपली. लहान शीड चढले. होडी सरळ झाली आणि सुकाणू ऐकू लागले.

किनाऱ्यावर सुईण आणि सारे गाव उभे होते. चांगुणेला उचलून घरी नेले, आणि थोड्याच वेळात बाळाचे रडणे बाहेर ऐकू आले. तांडेल मात्र होडीपाशीच मान खाली घालून उभा होता. म्हातारी आली, तसा तो तिच्या पाया पडला.

"आई, तुझं लुगडं मी कापून टाकलं."

म्हातारीने त्याला उठवले. "अरे वेड्या, माझ्या पोराला तू पाण्यातून काढलंस, तेव्हा त्याच्या अंगावर सदरा नव्हता. मी विचारलं का, सदरा कुठे आहे म्हणून? तू पोर आणलंस. आज तू लेक आणलीस. माझं लुगडं पावलं."

तांडेल हुंदके देऊन रडला. मग तिचा हात धरून त्याने तिलाच सगळ्यांच्या आधी नातवंड दाखवले.

तेव्हापासून त्या गावात नवे शीड शिवताना आधी होडी हाकणाऱ्यांचे हात आणि तिथला वारा विचारात घेतात, आणि मगच घरोघरी कापड मागतात.

तात्पर्य : मायेने मिळालेले सगळे अंगावर वागवणे म्हणजे कृतज्ञता नव्हे, त्यातले आपल्याला पेलेल तेवढे घेऊन सुखरूप घरी परतणे, ही खरी कृतज्ञता.