पाच घरच्या चिंध्यांचे अंगडे

पांगरखेड्याच्या देशमुखांचे मूळपुरुष सुभानजी. त्यांनी परसात विहीर खोदली आणि घरच्या बायकांचे पाणवठ्यावर जाणे संपवले. सुभानजींचे पुत्र राघोजी. त्यांनी धान्याची पेवे भरून बाजाराचे तोंड पाहणे संपवले. राघोजींचे पुत्र हैबतराव. त्यांनी घाणा, माग, गोठा सारे आवारात आणले आणि भोवती उंच भिंत घातली. या हैबतरावांच्या सूनबाई द्वारकाबाई. त्यांना संपवायला गरजच उरली नव्हती. म्हणून त्यांनी भिंतीचा दरवाजा तेवढा लावून घेतला.

त्या काळी केरोबा महाराज गावाच्या ओढ्याकाठी पिंपळाखाली उतरले होते. अंगावर एक कांबळे, खांद्याला झोळी. दर्शनाला गाव लोटत होता. दर्शनाला जायचे नाही, असे ठरवून बसले होते ते एकच घर.

साळू कुंभारीण विरजण मागायला दाराशी आली, तेव्हा द्वारकाबाई दरवाजातल्या छोट्या दिंडीच्या फटीतून बोलल्या, "रोज कसलं गं विरजण? घरातलं काय काय दिसतं ते बघायला येतेस ना?"

"न्हाई वो, बाईसाहेब. दुधाला काय ठावं कुणाचा वाडगा? म्हाराज आल्यात, बाळाला पायावर घालून आना की."

"बाळाचं तुला कुणी सांगितलं?"

द्वारकाबाईंनी दिंडी लावून घेतली आणि त्याच दिवशी एका दासीला कामावरून काढले.

बाळाची गोष्ट कुणाला कळू नये, यासाठी त्या जिवाचे रान करीत होत्या. यजमान वारल्यावर जन्मलेला हा एकुलता एक मुलगा. वर्षाचा होत आला, पण रांगत नव्हता, रडत नव्हता, कशाकडे हात करीत नव्हता. रडण्याआधी दूध, भुकेआधी घास, ऊन लागण्याआधी पडदा! कशाची उणीव नव्हती, आणि मूल दिवसेंदिवस वाळत होते. द्वारकाबाईंना वाटे, कुणाची तरी दृष्ट लागली. कुणाची, एवढेच कळत नव्हते. म्हणून त्या सगळ्यांवरच संशय घेत.

अखेर वैद्यबुवांनीही मान हलवली, तेव्हा त्या पिंपळाखाली गेल्या. पण नमस्कार केला नाही. उभ्यानेच म्हणाल्या, "महाराज, माणसाला हवं ते सगळं घरातच मिळालं, तर देवाचं आणि साधूंचं काय काम उरेल?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. महाराज हसून म्हणाले, "काही नाही उरणार, माई. असे एक घर दाखवा, आम्ही आजच गाव सोडतो. मात्र त्या घरातले लेकरू वाढते आहे ना, ते सांगा."

द्वारकाबाईंचा चेहरा उतरला. साळूने चहाडी केली, दुसरे काय! "सोनं किती ठेवू पायाशी?" त्यांनी तोऱ्यात विचारले.

"आम्हाला तुमचे काही नको. तुम्हीच मागून आणा. पाच घरची एकेक चिंधी."

ज्या घरात मूल जगत नाही, त्या घरची आई पाच घरी चिंध्या मागते आणि त्यांचे अंगडे बाळाला घालते, ही त्या भागातली जुनी रीत. तिचे एक बंधनही आहे. ज्यांची चिंधी घेतली, त्यांच्या घरी नातवंड जन्मले, की त्याचे पहिले अंगडे आपण आपल्या हाताने शिवायचे. ते शिवले नाही, तर ऋण पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते.

"आमच्या घराण्यानं आजवर मीठसुद्धा मागितलेलं नाही," असे म्हणून द्वारकाबाई परतल्या. दुसऱ्या दिवशी बाळाच्या ओठांतून दूध बाहेर ओघळू लागले. तेव्हा मात्र त्यांनी पदर कपाळाखाली ओढला आणि त्या एकट्याच बाहेर पडल्या.

आता संशय घेण्याची पाळी गावाची होती. तेलिणीने दार अर्धेच उघडले. "देशमुखांच्यात चिंधी न्हाई? बाई, कसला डाव हाय ह्यो?" सोनाराच्या घरी आतून कुजबुज झाली. तिसऱ्या दारी बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पण बाळासाठी म्हटल्यावर कुणी नाही म्हटले नाही. चार चिंध्या मिळाल्या. शेवटी पाय साळूच्या दाराशी अडले.

साळूने कसलाही टोमणा मारला नाही. तिच्याकडे कोरडे फडके नव्हते. मडके गुळगुळीत करायचे ओले फडके तिने टर्रकन फाडले. "मातीची हाय, बाईसाहेब. चालंल का?"

द्वारकाबाईंनी ती चिंधी ओंजळीत घेतली.

पिंपळाखाली महाराजांनी झोळी पुढे केली. "घाला यात."

संशय असा सहज जात नाही! द्वारकाबाईंनी झोळी हातात घेऊन उलटी केली, झटकली, शिवणी चाचपल्या. मग चिंध्या आत टाकल्या. महाराजांनी डोळे मिटून नाम घेतले आणि म्हणाले, "काढा आता."

हाताला लागले ते एक शिवलेले अंगडे. जुने, पिवळे पडलेले, पाच तुकड्यांचे. पाचव्या तुकड्यावर वाळलेल्या मातीचा डाग. झोळीत दुसरे काही नव्हते.

"हे माझ्या चिंध्यांचं नाही," द्वारकाबाई पुटपुटल्या.

"नाही. हे सुभानजीचे. त्याच्या आईने याच गावात दारोदार मागून शिवले होते. तुमच्या देवघरातल्या पेटीत जपून ठेवले आहे ना मूळपुरुषाचे गाठोडे? सोडून पाहा."

त्या पेटीची किल्ली द्वारकाबाईंच्या कमरेला होती. न्हाणीतसुद्धा ती सुटत नसे. त्या धावतच घरी गेल्या. कुलूप जसेच्या तसे, गाठोड्याची गाठही जुनीच. गाठ सोडली, आणि आत त्यांनी स्वतः मागून आणलेल्या पाच चिंध्या! साळूची अजून ओली होती.

द्वारकाबाईंनी बाळाला हातातले ते जुने अंगडे घातले आणि महाराजांच्या आज्ञेची वाट न पाहता दुधाची वाटी बाळापासून दूर सरकवून ठेवली. दासी पुढे झाली, तिला त्यांनी अडवले. बराच वेळ काही झाले नाही. मग बाळाचा ओठ थरथरला, आणि त्याने असा टाहो फोडला, की भिंतीपलीकडची गल्ली दाराशी गोळा झाली. रडता रडता बाळाने वाटीकडे हात केला!

बाळाला कडेवर घेऊन द्वारकाबाई पिंपळाखाली आल्या आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "महाराज, मी याला काही कमी पडू दिलं नाही हो."

महाराज म्हणाले, "तेच तर, माई. उणे असले म्हणजे हात पुढे येतो. पुढेच न आलेला हात कुणी धरायचा? पण हा नमस्कार इथे पुरा होत नाही. सुभानजी जगला, मोठा झाला. चार घरचे ऋण फिटले, पण विहीर खोदली आणि तो कुंभाराचे दार विसरला."

साळूच्या सुनेला तेव्हा नुकतेच मूल झाले होते. द्वारकाबाईंनी पेटीतून लग्नातला शालू काढला, त्याचा पदर फाडला आणि जन्मात पहिल्यांदा सुई धरली. बोटांना टोचले, टाके वाकडे गेले, दासींना त्यांनी हात लावू दिला नाही. अंगडे पुरे झाल्यावर त्या कुंभाराच्या उंबऱ्याशी गेल्या, साळूपुढे वाकल्या आणि तिच्या नातवाला स्वतःच्या हाताने ते घातले. साळू लाजून मागे सरली. "आवो बाईसाहेब, ह्ये काय करताय!"

"चार पिढ्यांचं देणं होतं, साळू. आज फिटलं," द्वारकाबाई म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी पदराआडून रिकामा वाडगा पुढे केला. "आज दूध विरजायचं राहिलंय. थोडं विरजण देतेस?"