निवडून ठेवलेले आकाश

एकदा एका विज्ञान केंद्रातील वृद्ध आचार्यांनी आपल्या शिष्याने मोठ्या कष्टाने तयार केलेले आकाशाचे चित्र त्याच्या देखत पुसून टाकले. रागाने नव्हे, तास संपल्यावर फळा पुसावा इतक्या सहजपणे.

दूर पठारावर एका रेडिओ दुर्बिणीच्या थाळ्या, म्हणजे तबकडीसारख्या मोठमोठ्या अँटेना, कित्येक कोस पसरलेल्या होत्या. आकाशातून येणाऱ्या क्षीण लहरी त्या सर्व मिळून टिपत. केंद्र मात्र शहरात होते. त्या प्रदेशातील कुणा खगोलशास्त्रज्ञाला दुर्बिणीचा वेळ मिळाला, की त्याचे निरीक्षण आखून देणे, आलेल्या नोंदींतला गोंगाट काढणे आणि तो अडलाच तर शेजारी बसून वाट दाखवणे, हे केंद्राचे काम. शोध लागला की नाव शास्त्रज्ञाचे. केंद्राच्या वाट्याला आभाराची एक ओळ, तीही लेखाच्या तळाशी. एवढ्यावर समाधान मानणारी माणसे जगात फार नसतात. इथे ती खोल्या भरून होती.

त्या खेपेच्या नोंदी हिंगोलीकडच्या एका लहानशा महाविद्यालयातील प्राध्यापिका डोंगरदिवे यांच्या होत्या. दोनदा अर्ज नाकारला गेल्यावर कुठे त्यांना वेळ मिळाला होता. दूरच्या एका दीर्घिकासमूहात फार जुन्या, विझत चाललेल्या तेजाचा धूसर अवशेष असावा, असा त्यांचा कयास होता. तो दिसला नाही, तर पुन्हा वेळ मागायला त्यांना तोंड उरणार नव्हते.

शिष्य हुशार होता आणि हुशारीला साजेसा उतावळाही. बाईंचा हेलपाटा वाचावा म्हणून त्याने सगळे काम परस्पर उरकले. एकमेकींच्या जवळ असलेल्या थाळ्यांच्या नोंदींत गोंगाट अधिक होता; मोबाइलचे मनोरे, विजेच्या तारा, साऱ्यांची कुरकुर तिथेच. त्या नोंदी त्याने सरळ वगळल्या. दूरदूरच्या थाळ्यांतून जे चित्र उमटले ते इतके देखणे, की प्रत्येक ठिपका सुईने टोचल्यासारखा. अवशेषाचा मात्र मागमूस नव्हता. बाईंना तसे कळवू का, असे विचारायला तो आचार्यांकडे गेला. त्यांनी चित्र पाहिले, सुरेख आहे म्हणाले आणि पुसून टाकले. मूळ नोंदी सुरक्षित आहेत ना, एवढेच विचारून त्यांनी बाईंना फोन लावला आणि केंद्रात राहायला बोलावले.

शिष्य दुखावला. काहीच नाही हे पाहण्यासाठी त्या बाईंनी एसटीने एवढ्या लांबून यावे, ही त्याला निव्वळ क्रूरता वाटली. सरांचे आता वय झाले, असेही त्याच्या मनात येऊन गेले.

बाई आल्या. आचार्यांनी शिष्याला त्यांच्या शेजारी बसवले आणि विचारतील तेवढेच सांगायचे, असे बजावले. पहिला दिवस सगळी पद्धत समजून घेण्यात गेला. दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारले, "जवळजवळच्या थाळ्यांच्या नोंदी कुठं आहेत?"

"त्यांत गोंगाट फार आहे, मॅडम. मी त्या बाजूला काढल्या होत्या."

"मला त्याच हव्यात. माझी वस्तू बारीक नाही हो, पसरट आहे. दिसली तर त्यांनाच दिसेल."

शिष्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. दूरदूरच्या थाळ्यांच्या जोड्या बारकावे पाहतात, जवळजवळच्या जोड्या विस्तार पाहतात, हा तर पहिला धडा. पण देखणेपणाच्या नादात नेमका तोच तो विसरला होता. मग दोघे मिळून त्या नोंदींतला गोंगाट निवडून काढायला बसले. या कामात त्याचा हात धरणारा केंद्रात कुणी नव्हता. अखेर चित्र उमटले तेव्हा सुईचे ठिपके विरघळून गेले होते आणि त्यांच्यामध्ये, नुकत्याच विझलेल्या चुलीवर धूर रेंगाळावा तसा, एक फिकट पट्टा पसरला होता. बाईंनी चष्मा काढला आणि पदराने डोळे पुसले.

त्या गेल्यावर शिष्य आचार्यांपुढे मान खाली घालून उभा राहिला. तुम्हाला हे आधीच ठाऊक होते का, असे त्याने विचारले.

"मुळीच नाही," आचार्य म्हणाले. "काही निघालं नसतं, तरी मी बाईंना बोलावलंच असतं. आमच्या गावी पाथरवट यायचा, छिन्नीने जात्याला टाकी लावून द्यायचा, झिजलेला दगड पुन्हा खरबरीत करायचा. पण टाकी लावली म्हणून तो कधी कुणाचं दळण दळायला बसला नाही. भाकरीचं पीठ निराळं, भाजणीचं निराळं. आज घरात काय रांधायचंय, ते त्या घरच्या बाईलाच ठाऊक. फार तर खुंट्याला आपला एक हात लावावा. दळण तिचं."

"पण चित्र पुसलंत कशाला?"

"कारण ते सुरेख होतं. आपल्या केंद्राचं नाव मोठं, त्यांचं कॉलेज लहान. ते चित्र पुढ्यात असतं, तर बाईंनी स्वतःवर नाही, त्याच्यावर विश्वास ठेवला असता."

 शिष्याला आपल्या हुशारीची प्रथमच भीती वाटली, आणि या म्हाताऱ्याविषयी अपार आदरही.

पुढे थोड्याच दिवसांत कोल्हापूरकडच्या एका संशोधकाचा फोन आला. त्याच्या नोंदी शिष्यासमोर उघड्याच होत्या. शिष्याने कळफलकावरचा हात मागे घेतला आणि विचारले, "आधी मला सांगा, तुम्हाला काय पाहायचंय?"