चाकांवरच्या घराची वाळवी

गावोगाव जाऊन रयतेची गाऱ्हाणी ऐकायची म्हणून कुरणगडच्या राजेसाहेबांनी चाकांवरचं ऐसपैस लाकडी घर बांधून घेतलं होतं. दर खंडेनवमीला त्याच्या चाकांची पूजा व्हायची. यंदा पूजेनंतर दार उघडलं, तर पलंग, खिडक्या, सगळं वाळवीनं खाल्लेलं!

“हा तुझा हलगर्जीपणा!” राजेसाहेब म्हाताऱ्या गाडीवानावर, बहिर्जीवर कडाडले. “उद्यापासून तुझी चाकरी बंद.”

बहिर्जीनं हात जोडले. “सरकार, या चाकांना दरसाल हळदकुंकू लागलं, रस्त्याची धूळ काही कधी लागली नाही. घर रयतेकडे गेलंच नाही. मग बिचारी वाळवीच तेवढी सरकारांना भेटायला चालत आली.”

राजेसाहेबांनी वाकून त्या कोऱ्या चाकावरून हात फिरवला; बोटांना नुसतं हळदकुंकू लागलं.

“बहिर्जी,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “साधा छकडा जुंप. आजच निघू.”