खेळबानं पुसलेले खूर

आजच्या म्हाताऱ्यांचे पणजे रांगत होते, त्याच्याही आधीची ही गोष्ट. डोंगराच्या पोटाशी सांबरणे नावाचं गाव होतं. अजूनही आहे. मागं रान, पुढं रान आणि मधे नाचणीची, वरीची शेतं. रानात सांबरं आणि भेकरं इतकी की पहाटे डोंगरच उठून चालायला लागलाय असं वाटायचं, असं म्हणतात.

सांबर देखणं खरं, पण नाचणीला कणसं धरली की कळप खाली उतरायचा आणि कुणाचं तरी वर्षाचं अन्न फस्त करून जायचा. म्हणून गाव शिकार करायचं. पण बेतानं. फार मारली तर पोरांना सांबर फक्त गोष्टीत दिसेल, आणि मुळीच मारली नाहीत तर गोष्ट ऐकायला पोरंच उरायची नाहीत, असा पेच होता.

हा पेच सोडवण्याचा मान गावच्या शिकाऱ्याचा, माग काढण्यात पटाईत असलेल्या खेळबाचा. फाल्गुनात सगळे ओढे आटायचे आणि अख्ख्या रानाला एकच पाणवठा उरायचा. मग सांजेला गावच्या बाया मऊ माती कालवून त्या पाणवठ्याचा काठ अंगणासारखा सारवायच्या. जनावरं पाण्यावर येऊन जायची, आणि दिवस उगवताना खेळबा वाकून काठावरचे खूर वाचायचा. हा नर, ही मादी, हे लंगडं, हे औंदाचं पाडस. इतरांना तिथं नुसता चिखल दिसायचा. खेळबाला मात्र प्रत्येक जनावर शेजाऱ्यासारखं ओळखू यायचं.

मोजणी विसाविसानं व्हायची. जनावरं पाच विसांच्या, म्हणजे शंभराच्या, वर भरली तर देशावरच्या पाहुण्या शिकाऱ्यांना बोलवायचं, कारण गावात बंदुका तीनच. दर पंधरवड्याला पुन्हा सारवायचं आणि पुन्हा मोजायचं. पाच विसांच्या खाली गेली की पाहुण्यांनी बंदुका खांद्याला लावून घरचा रस्ता धरायचा. पाडसाच्या आईला कुणीही मारायचं नाही. खेळबानं सांगितलेला आकडा पाटलालाही फिरवता यायचा नाही, आणि हे खेळबाला चांगलं ठाऊक होतं. मान ताठ ठेवूनच चालायचा तो.

पाहुणे यायचे ते नुसते बडेजावाचे. करवंदीत त्यांची धोतरं अडकायची, सावली हलली तरी बार काढायचे. खेळबा मिशीत हसायचा. "पाव्हणं, झाड मेलं बगा, आता सांबराचं बगू," म्हणायचा, आणि गाव हसायचं. असे पाहुणे त्याला फार आवडायचे.

मग एका वर्षी त्यांच्यात सुभाना आला.

सुभाना बुटका, हडकुळा आणि बोलायला लाजरा. पहिल्याच दिवशी हाकाऱ्यांनी ओरडून रान उठवलं आणि मोठ्या शिंगांचा एक नर घळीतून उसळला. खेळबानं बार काढला, तो हुकला. नर पलीकडच्या उतारावर पोचला होता, तिथून तो कुणाच्या हाती लागत नसतो. सुभानानं बंदूक उचलली, श्वास धरला, आणि एका बारात नर खाली आला. त्याच्या गोळीनं वाटेतलं एक पानसुद्धा हललं नाही, असं म्हणतात.

"वारं त्याच्या बाजूनं हुतं," खेळबा म्हणाला. कुणी त्याला विचारलं नव्हतं.

पहिल्या सावजाची मुंडी खेळबाच्या घरी जायची, ही बापजाद्यांपासूनची रीत. त्या दिवशी पाटलानं ती उचलून सुभानाच्या पुढ्यात ठेवली. "पाव्हण्याचा मान," म्हणाला. खेळबाही हसला, पण त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. खेळबाचा कुत्रा खेळबा सोडून कुणाच्या हातचं खात नसे, तो सुभानाच्या पायाशी जाऊन पडू लागला. पाणी भरायला गेलेल्या बायका सुभानाचं नाव घेत परत येऊ लागल्या. शेवटी खेळबाची बायको हौसा चुलीपुढं बसून सहज बोलून गेली, "नदर काय हाय हो त्या माणसाची! एका बारात!"

"भाकरी करपली," खेळबा म्हणाला. भाकरी करपली नव्हती.

त्याला झोप लागेना. रानात गेला की माग दिसायच्या आधी सुभानाचा चेहरा दिसायचा. हा आपल्याहून चांगला आहे, हे त्याला पहिल्या दिवसापासून कळलं होतं, आणि तेच त्याला आतून पोखरत होतं. बरं, माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं. पण सुभाना उलट खेळबालाच विचारायचा, "दादा, ह्यो माग मादीचा का नराचा?" खेळबाला वाटायचं, हा मुद्दाम विचारतोय.

पंधरवडा झाला. बायांनी काठ सारवला. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला खेळबा एकटाच पाणवठ्यावर गेला. खूर मोडू नयेत म्हणून बाकीच्यांनी उन्हं आल्यावर यायचं, अशी रीतच होती. त्यानं वाचलं. नऊ विसा. इतकी जनावरं त्यानं जन्मात बघितली नव्हती. शिकारी आणखी महिनाभर राहायला हवे होते.

आणखी महिनाभर सुभाना. खेळबा गुडघ्यावर बसला, हात ओला केला आणि खूर पुसू लागला. ज्यानं आयुष्यभर एक खोटा आकडा सांगितला नव्हता, त्यानं आपल्या हातानं पाच विसा जनावरं मातीत मिटवली. उन्हं आली, गाव आलं.

"चार विसा," खेळबा म्हणाला. "पाव्हण्यांनी आता निघावं."

गावानं माना डोलावल्या. सुभाना काठाकडं बराच वेळ बघत उभा राहिला. मग त्यानं पाटलाला रामराम केला, खेळबाला रामराम केला आणि तो चालू लागला. कुत्रा वेशीपर्यंत त्याच्या मागं गेला. खेळबाला त्या दिवशी गाढ झोप लागली.

पावसाळा सरला, नाचणीला कणसं आली, आणि रान खाली उतरलं.

एक कळप नाही, दोन नाही. सांबरांची रांग डोंगरापासून ओढ्यापर्यंत लागली होती आणि शेवटचं सांबर कुणालाच दिसलं नाही, असं म्हणतात. लोकांनी डबडी बडवली, शेकोट्या केल्या, तीन बंदुका रात्रंदिवस वाजवल्या. खेळबा ओरडून ओरडून घोगरा झाला. आठ दिवसांत खालचं अर्धं शिवार उभंच्या उभं गेलं.

"खेळबा, चार विसाच हुती न्हवं?" पाटलानं विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसता गोंधळ होता. खेळबाच्या शब्दावर शंका घ्यायची गावाला सवयच नव्हती. त्यामुळं खेळबाला जास्तच लागलं.

घरी हौसानं कणगीत हात घातला, तो तळाला टेकला. वरचं अर्धं शिवार तेवढं उरलं होतं. तेही गेलं तर गावाला डोंगर सोडून जावं लागणार होतं. खेळबानं पायताण घातलं आणि तो देशाकडं निघाला.

तीन दिवसांची वाट. वाटेत तो चार वेळा मागं वळला, असं म्हणतात. भुकेनं नाही, थकव्यानं नाही. ज्याचं तोंड बघायला नको म्हणून गाव बुडवलं, त्याच्याच दारात जायचं होतं. चारी वेळा तो शिव्या देत पुन्हा फिरला. शिव्या स्वतःला की सुभानाला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

सुभाना अंगणात दोर वळत बसला होता.

"सुभाना, मी खूर पुसले," खेळबा उभ्या उभ्याच म्हणाला. "नऊ विसा हुती. तुजा लई हेवा वाटला मला. अजून वाटतोय."

"ऐकलं," सुभाना म्हणाला. त्यानं दोर बाजूला ठेवला. "दादा, मला ठावं हुतं. बायांचा हात येगळा फिरतो आन गड्याचा येगळा. काठ दोनदा सारवलेला दिसत हुता."

"मग बोलला का न्हाईस?"

"पाव्हणा हुतो. ज्याच्या घरचं खाल्लं त्याला चारचौघांत खोटा कसा पाडू?"

आता एखादा म्हणेल, हे ऐकून खेळबाचं मन निवळलं. कसलं निवळतंय! एवढंही ह्यालाच कळावं, असं वाटून त्याच्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला. पण ह्या वेळी तो गिळून बसला नाही. "आत्ता तर लईच वाटतोय," म्हणाला, आणि सुभाना पहिल्यांदा मोठ्यानं हसला.

दोघं गावात आले. खेळबानं पाटलापुढं, हौसापुढं, सगळ्यांपुढं तेच सांगितलं. काही जण त्याच्या अंगावर धावून गेले. एका म्हातारीनं उरलेल्या काड्यांची पेंढी त्याच्या पुढ्यात आपटली. तो हलला नाही. मग सुभाना म्हणाला, "मारायचं ते मागनं मारा. आदी रान मागं सारू. ह्याच्याबिगर त्ये हुयाचं न्हाई."

आणि तसंच झालं. माजलेले नर कुठले, हे खेळबा माग बघून सांगायचा आणि सुभाना तेवढेच टिपायचा. पाडसाच्या आईला एकही गोळी लागली नाही. मग खेळबा खिंडीच्या तोंडाशी उभा राहिला आणि त्यानं हाळी दिली. ती हाळी ऐकून ओढा क्षणभर थांबला, घारी आभाळात जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि उरलेलं सगळं रान त्याच्यापुढून खिंडीपलीकडच्या मोठ्या जंगलात चालत गेलं. तीन दिवस सांबरं जात होती, असं म्हणतात. वरचं शिवार वाचलं. त्या वर्षी गावानं अर्धी भाकरी खाल्ली, पण गाव उठलं नाही.

सुभाना पुढं दरसाल येत राहिला आणि खेळबा दरसाल त्याच्यावर जळत राहिला. पण तोंडावर सांगून. खेळबा गेला त्या वर्षी बायांनी काठ सारवला, तर सकाळी सगळे खूर काठाभोवती गोल उमटलेले होते आणि पाण्याकडं एकही गेलेला नव्हता. त्या दिवशी रानानं पाणी घेतलं नाही, असं म्हणतात.

आता बंदुका गेल्या. शिकारीला सरकारी बंदी आहे. तरी फाल्गुनात सांबरण्याच्या बाया अजून काठ सारवतात. सकाळी खूर मोजायला बाहेरगावचा माणूस बोलावतात, गावचा नाही. आणि मोजणीच्या आधी सगळं गाव पाणवठ्यावर जमतं. ज्याला ज्याचा हेवा वाटतो त्यानं तो तिथं त्याच्या तोंडावर सांगायचा. "तुझी म्हस बगून माजं पोट दुकतं." "तुज्या लेकीला चांगलं घर मिळालं, मला झोप न्हाई." ऐकणाऱ्यानं रागवायचं नाही, नुसतं "ऐकलं" म्हणायचं. याला खेळबाचं सांगणं म्हणतात.

एखादा निघतोच, मला बाबा कुणाचाच हेवा वाटत नाही म्हणणारा. त्याला गाव हात जोडतं, आणि त्या दिवशी काठाजवळ येऊ देत नाही.