अडुसष्टाव्या दिवशीचं घरटं

"…ते सगळं ठीक आहे बाबा. पण एकटं राहायचं कसं, तेवढं सांगा. ते मला कुठल्याच कागदात सापडलं नाही."

मियांबाबा दर्ग्याच्या पायरीवर बसून वहाणेचा तुटलेला अंगठा शिवत होते. डॉक्टरनं विचारलं तरी त्यांनी मान वर केली नाही.

मी शेजारीच बसलो होतो. जाणार कुठं? खाडीला ओहोटी लागलेली, माझी होडी चिखलात कलंडलेली, भरतीला अजून तीन तास. दुसऱ्याच्या गोष्टी ऐकत बसायची मला हौस नाही. पण कान काही काढून ठेवता येत नाहीत.

सांडखोलचा दांडा म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये चार मैलांची वाळू. पूर्वी इथं बेचाळीस घरं होती. माझ्या आजोबांचं त्यातलंच एक. विहिरी खारवल्या, गाव उठून खाडीपलीकडे आलं. मग सरकारनं सुरूची झाडं लावली आणि अभयारण्याचा बोर्ड ठोकला. आता शाळेच्या जोत्यात कोल्हीण पिल्लं घालते. देवळाच्या तळ्यात पाणमांजरं पोहतात. सर्वांत उंच सुरूवर समुद्रगरुडाचं घरटं आहे, आणि त्या झाडाखाली कुणाचं अंगण होतं ते मला अजून सांगता येतं.

माणूस म्हणाल तर पिराच्या दर्ग्यातले मियांबाबा. गावाबरोबर तेही पलीकडे आले होते. बायको वारली तसे परत गेले. बत्तीस वर्षं झाली. बाबांना एकांत मानवतो, असं आमच्याकडे सगळे म्हणतात.

दुसरा माणूस हा डॉक्टर. मिहिर परचुरे. औषधाचा नव्हे, पुस्तकाचा. दांड्याच्या इतिहासावर त्यानं प्रबंध लिहिला, म्हणून त्यालाच कासवांच्या कामावर नेमलं. सरकारी डोकं असंच चालतं. दर्ग्यापासून दोनशे पावलांवर त्याची पत्र्याची खोली.

काम साधं. मादी वाळूत अंडी घालून समुद्रात निघून जाते, ती परत वळून बघत नाही. ती अंडी उचलून कुंपणात पुरायची, नाहीतर कोल्हे उकरतात. पिल्लं वर आली की पाण्याकडे सोडायची. आधी हे बाबाच करायचे. गुडघे गेले, म्हणून डॉक्टर आला.

तीन हंगाम काढले त्यानं. आणि आज ट्रंक बांधून बसला होता. पुण्यात टेबलाची नोकरी मिळाली होती. त्याच्या जागी दुसरं कुणी येणार नव्हतं, तसं पत्रच आलं होतं. तो गेला की कुंपण बंद, अंडी कोल्ह्यांना.

"बोला ना बाबा," डॉक्टर म्हणाला. "तीन वर्षांत मला जमलं नाही. तुम्हाला बत्तीस वर्षं जमलं. काहीतरी युक्ती असेल."

"कुंपणात एक घरटं राहिलंय ना?"

"हो. सत्तावीस नंबरचं. शेवटचं."

"किती दिवस झाले?"

"अडुसष्ट."

बाबांनी दोरा दातानं तोडला. "पंचावन्न दिवसांत वर येतात."

"यंदा थंडी लांबली. अशा वर्षी उशीर होतो. मी वाचलंय."

"हं."

…

"मी एकटं राहण्याचं विचारलं होतं."

"ते घरटं उघड," बाबा म्हणाले.

"अजून चार-आठ दिवस वाट बघायला हवी. मी गेल्यावर तुम्हीच जरा लक्ष ठेवा."

"उघड."

डॉक्टर उठला. बाबा काठी टेकत त्याच्या मागं, आणि मी त्यांच्या मागं. कुणी मला बोलावलं नव्हतं.

डॉक्टरनं हातानंच वाळू काढली. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा वास आला. तो मला कळला आणि त्यालाही कळला.

एकशे चार अंडी. थरावर थर, दुकानात मांडावी तशी नीट रचलेली. त्यानं एक फोडलं. आत नासलेलं पिवळं पाणी. दुसरं फोडलं. तिसऱ्यात नखाएवढं काहीतरी होतं, काळपट. तो फोडतच राहिला. दहावं फोडल्यावर मी त्याचा हात धरला.

"पुरे," मी म्हटलं.

"सगळी…" तो म्हणाला.

मला वाईट वाटलं. पोरगा शिष्ट होता, पण तीन वर्षं पहाटे चारला उठून किनारा चालायचा. ते मी पाहिलं होतं.

बाबा हळूच वाळूत बसले. "ही तू दुपारी उचललीस."

"हो. त्या दिवशी मला ताप होता, फेरी चुकली. माग दिसला तेव्हा अकरा वाजून गेले होते. आणि भरती तिथवर येणार होती, सगळी बुडाली असती. धावत बादली आणली. एकेक पुसून…"

"पुसलंस."

"वाळू चिकटली होती. फडक्यानं पुसून नीट लावली बादलीत. एकही फुटू दिलं नाही, बाबा."

"फिरवलीस."

…

बाबांनी सदऱ्याच्या खिशातून कोळशाचा तुकडा काढला. खड्ड्यातल्या एका अख्ख्या अंड्याच्या माथ्यावर बारीक ठिपका ठेवला. मग ते दोन बोटांनी उचललं, ठिपका वर तसाच. बाजूच्या वाळूत ठेवलं, ठिपका वर तसाच.

डॉक्टर बघत राहिला. "ही तर तीट आहे."

"पान एकशे बारा," बाबा म्हणाले.

मला काही कळेना. मी विचारलं.

डॉक्टरचा चेहरा उतरला होता. "माझ्या प्रबंधात आहे. बाबांच्या वेळच्या जुन्या फोटोत अंड्यांवर काळे ठिपके दिसतात. मी लिहिलं… की दृष्ट लागू नये म्हणून इथले लोक अंड्यांना तीट लावतात. श्रद्धा म्हणून. दोन पानं लिहिली आहेत त्यावर."

"चांगली लिहिली होती," बाबा म्हणाले. "मला वाचून दाखवलीस."

"पण मग हे कशासाठी?"

"रात्री घातलेली रात्रीच उचलली तर कशीही उचल. चार-सहा तास गेले की आतला जीव वरच्या बाजूला चिकटतो. मग वरची बाजू वरच राहिली पाहिजे. उलटी झाली तर तो आतल्या आत बुडतो."

"मला फक्त रात्रीची उचलायला शिकवलं होतं."

"माहीत आहे."

डॉक्टरनं चष्मा काढला आणि वाळूनं भरलेल्या हातात धरून बसला. मला वाटलं, आता हा उठेल आणि ट्रंक घेऊन होडीत जाऊन बसेल, चिखल असो नाहीतर काही असो.

तो उठला नाही. बाबांकडे वळून म्हणाला, "दुपारी उचलली हे तुम्हाला कसं माहीत? मी तर कुणाला सांगितलं नव्हतं."

"दर्ग्याच्या पायरीवरून इथलं सगळं दिसतं."

"म्हणजे तुम्ही बघत होता?"

"होतो."

"मी पुसत होतो तेव्हा? फिरवत होतो तेव्हा?"

"हो."

"आणि बोलला नाहीत."

मी समुद्राकडे बघायला लागलो. अशा वेळी समुद्र बरा पडतो.

"एकशे चार जीव होते, बाबा. एक हाक मारली असती तरी…" त्यानं दर्ग्याकडे हात केला. "दोनशे पावलं आहेत हो. फक्त दोनशे."

…

…

"मला राग आला होता," मियांबाबा म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून असं काही मी ऐकलं नव्हतं.

"तीट म्हणालास त्याचा. वाचून झाल्यावर तू वही मिटलीस. बाबा, बरोबर आहे ना, एवढंसुद्धा म्हणाला नाहीस. मी ठरवलं, आता हा विचारेल तेव्हाच सांगायचं."

"मी विचारलं नाही."

"नाही. त्या दुपारीही वाट बघितली. म्हटलं, आता तरी येईल. तू बादली घेऊन माझ्या पायरीसमोरून गेलास. सलाम बाबा, म्हणालास."

"आणि तुम्ही?"

"मीही सलाम केला."

माझं डोकंच फिरलं. अख्ख्या दांड्यावर दोन माणसं. तिसरं माणूस बघायचं तर खाडी ओलांडायला लागते. आणि ही दोन तोंडं फिरवून बसतात. आमच्याकडे एका ओटीवर राहून भाऊ-भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत, ते मला कळतं. त्यांच्यात निदान भिंत असते.

"तुम्हा दोघांना खाडीत बुडवायला हवं," मी म्हटलं.

"भरती येऊ दे, मग बुडव," बाबा म्हणाले.

कुणी हसलं नाही.

मग बाबा गुडघ्यावर आले. दुखत होतं त्यांना, दिसत होतं. त्यांनी खड्ड्यातल्या दुसऱ्या अंड्याला ठिपका लावला. उचललं, बाजूला ठेवलं. तिसरं. चौथं.

"मेलेल्यांना कशाला?" डॉक्टरनं विचारलं.

बाबांनी कोळसा त्याच्यापुढं धरला.

…

डॉक्टरनं तो घेतला.

पहिलं अंडं उचलताना त्याचा हात फिरला. बाबांनी त्याचं मनगट धरून सरळ केलं. दुसऱ्याला पुन्हा फिरला. पुन्हा सरळ केलं. विसाव्याला बाबांनी हात काढून घेतला. मी वाळूत दुसरा खड्डा खणून दिला, रिकामा बसून काय करणार? उरलेली नव्वदेक अंडी तशी एकेक करून नव्या खड्ड्यात गेली, सगळ्यांचे ठिपके वर. बघणाऱ्याला वेड्यांचा बाजार वाटला असता. पण वरून एक समुद्रगरुड गेला तेवढाच, त्यानं काही ढुंकून पाहिलं नाही.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" काम करता करताच डॉक्टर म्हणाला.

"कुणी नाही. लहानपणी याच हातांनी टोपल्या भरून अंडी काढली आहेत. बाजारात विकली आहेत. तेव्हा वर काय आणि खाली काय, कोण बघतो? पुढं राखायला लागलो, तर पहिली तीन वर्षं एक पिल्लू निघालं नाही. एकसुद्धा नाही."

"तीन वर्षं?"

"कारण कळेना. विचारायला कुणी नव्हतं."

शेवटचं अंडं ठेवून झालं. डॉक्टरनं वाळू लोटली, वरून तळहातानं थापटली. त्याची बोटं काळी झाली होती, गालावरही कोळसा लागला होता.

तोवर खाडी भरली. होडी सरळ झाली, दोराला हिसके द्यायला लागली. मी उठलो. मला घरी जायचं होतं, खोटं कशाला बोलू?

"डॉक्टर, पाणी आलं," मी म्हटलं. "येताय?"

त्यानं ट्रंकेकडे बघितलं. ती दर्ग्याच्या पायरीशी होती. मग कुंपणाकडे बघितलं. मग बाबांकडे.

"तुम्ही सांगितलंच नाहीत," तो म्हणाला. "बत्तीस वर्षं इथं एकटं कसं राहिलात ते."

मियांबाबा काठीवर जोर देऊन उठायला गेले. जमलं नाही. तसेच बसून राहिले.

"दिवस जातो," ते म्हणाले. "संध्याकाळी ताट घेऊन बसलो की अजून घास उतरत नाही मला… तुला उतरतो?"